जाळं धरणारे दात

मनसाराम भानारकर हा आमच्या पिंपळबोडीतला ढिवर, म्हणजे जाळ्याने मासे धरणारा. ब्रह्मपुरीहून बैलगाडीने सकाळी निघालं की जेवणवेळेला पिंपळबोडी येते. गावापेक्षा गावाचा तलाव मोठा आहे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. गावात मला बापूजी म्हणत. मी मासे खात नाही, त्यामुळे मनसारामचा आणि माझा संबंध यायला काही कारण नव्हतं. तो आला तो दातांमुळे.

जाळं कसं फेकतात ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फेकजाळं गोल असतं. पसरलं तर एका खोलीएवढं होतं, आणि त्याच्या काठाला सगळीकडून शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्याची दोरी डाव्या मनगटाला बांधायची, अर्धं जाळं डाव्या कोपरावर टाकायचं, उरलेलं उजव्या हातात घ्यायचं, आणि काठाची एक गोळी दातात धरायची. मग कमरेतून वळून फेकायचं आणि नेमक्या वेळी तोंड उघडायचं. तोंड लवकर उघडलं तर जाळं विळ्यासारखं वाकडं पडतं आणि मासे मोकळ्या बाजूने निघून जातात. उशिरा उघडलं तर दात जातो. मनसारामचं तोंड चाळीस वर्षं नेमक्या वेळी उघडत आलं होतं.

तरी त्याचे दात गेले. जाळ्याने नेले नाहीत, हिरड्यांनी सोडले. तो सणावाराला कोळशाने दात घासायचा आणि एरवी तलावाच्या पाण्याने चूळ भरायचा. हिरड्यांतून रक्त यायचं. तो म्हणायचा, तंबाखू कडक निघाली. आधी दाढा हलायला लागल्या, मग पडल्या. एकोणीसशे बावन्नच्या माघात वरचे समोरचे शेवटचे दोन दात एकाच आठवड्यात गेले. तेव्हा त्याचं वय पन्नासच्या आसपास होतं. खाली तीन उरले होते, पण त्यांच्या समोर वर कोणीच नव्हतं.

त्याने गोळी हिरड्यांनी धरून पाहिली. शिसं हिरडीत रुतलं. खांद्यावर टाकून पाहिली, तर ती वेळेआधी घसरायची. ओठात धरली तेव्हा तलावाच्या काठावरचे लोक हसले. त्याचं जाळं आता दर वेळी विळ्यासारखं पडायला लागलं. त्याचा चुलत भाऊ वारलू त्याला म्हणाला, "दादा, तुमी डोंगा वल्हवा. जाळं मी टाकतो." वारलूने हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. मनसाराम डोंगा वल्हवायला लागला आणि त्या दिवसापासून वारलूशी बोलायचा थांबला. डोंगा मात्र नीट वल्हवला.

माझे स्वतःचे दात पंचेचाळिशीतच गेले होते. नागपूरला जाऊन मी कवळी करून आणली होती. दर शनिवारी शाळा सुटली की मी ती विहिरीवर काढून धुवायचो, आणि त्या दिवशी विहिरीवर पाणी भरायला जरा जास्त गर्दी असायची. एका शनिवारी त्या गर्दीत मनसाराम होता. सगळे गेले तरी तो गेला नाही.

"बापूजी, हे दात ओढतेत काय?"

"चावतात," मी म्हणालो.

"चावाचं मी पुसून नाई राह्यलो. ओढतेत काय?"

"ओढून पाहिलं नाही."

"पाहा मंग," तो म्हणाला, आणि त्याने विहिरीचा दोर माझ्यासमोर धरला.

मी नकार दिला. पण पुढच्या महिन्यात मला नागपूरला जायचंच होतं, तेव्हा बरोबर चला म्हणालो. त्याची बायको गोकुळा हिनेही यायचं ठरवलं. ती म्हणाली, एकटे गेले तर स्टेशनावरूनच वापस येतील. गोकुळा टोपलीत मासे घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारात बसायची. तिला माणसांची पारख होती, आणि नवऱ्याचीही होती.

ब्रह्मपुरीहून छोटी गाडी, नागभीडला बदलायची, तिथून नागपूरचं इतवारी स्टेशन. गाडी इतकी हळू जायची की मधल्या एका चढावर मनसाराम उतरला, पळसाचं पान तोडलं, त्यात तंबाखू घेतली आणि पुन्हा चढला.

माझी कवळी करणारे डॉक्टर मामीडवार मूळचे चांद्याचे. आमच्याकडच्या माणसांची बोली त्यांना कळायची आणि ते घाई करत नसत. त्यांनी मनसारामला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, बराच वेळ आत पाहिलं.

"काय खाता?"

"भात."

"भात तर असाही खाता येतो. मग दात कशाला पाहिजेत?"

"जाळं धराले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं, विळ्यासकट. ते ऐकून त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "मनसाराम भाऊ, मी दात बसवून देईन. पण ते तुमच्या हिरडीवर नुसते बसतील. हिरडीने धरलेले नसतील. ओढले तर निघतील."

"किती ओढाव तं निघतीन?"

डॉक्टरांनी आरसा पुन्हा उचलला. "ते मी मोजलेलं नाही," ते म्हणाले.

खालचे तीन दात त्यांनी काढले. हिरड्या भरायला दोन महिने लागले. मग आम्ही पुन्हा गेलो, तोंडाचं माप घेतलं, आणि तिसऱ्या खेपेला, त्रेपन्नच्या चैत्रात, दात मिळाले. पैसे कसे जमवले ते मनसारामने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोकुळाने मला एवढंच सांगितलं की आता घरात बकरी नाही.

दात देताना डॉक्टरांनी नियम सांगितले. पहिले पंधरा दिवस मऊ भात. दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, एका बाजूने चावलं तर दुसरी बाजू उचलते. समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. झोपताना काढून पाण्यात ठेवायचे, कोरडे ठेवायचे नाहीत. राख, कोळसा, वाळू लावायची नाही, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी. गरम पाणी अजिबात नाही, आकार बिघडतो. आणि दात काढले की हिरड्या बोटाने चोळायच्या. गोकुळा बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती आणि प्रत्येक नियमाला मान हलवत होती. मनसाराम आरशात पाहत होता.

"आनि जाळं?" त्याने विचारलं.

"जाळं नाही."

"थोडंसं?"

"नाही."

पंधरा दिवस त्याने मऊ भात खाल्ला. सोळाव्या दिवशी सकाळी तो जाळं घेऊन तलावावर गेला.

वैशाख होता. पाणी उतरून कमरेएवढं आलं होतं. ढिवरमोहल्ल्यातली बहुतेक माणसं काठावर होती, कारण ही बातमी आदल्या दिवशीच फिरली होती. मीही होतो. शाळेला सुट्टी लागली होती. मनसारामने दोरी मनगटाला बांधली, जाळं कोपरावर घेतलं, शिशाची गोळी समोरच्या नव्या दातांत धरली आणि कमरेतून वळला. जाळं पूर्ण गोल उघडलं. वर्षभरात कोणी त्याचं जाळं असं उघडलेलं पाहिलं नव्हतं. काठावरून "वा!" असा आवाज आला. जाळं पाण्यावर सपाट पडलं. वरचे दात जाळ्याच्या जरा पुढे पडले.

मनसारामने जाळं नेहमीसारखं सावकाश ओढलं. त्यात दोन रोहू होते. दात नव्हते. त्याने रोहू टोपलीत टाकले, खालचे दात काढून गोकुळाच्या हातात दिले आणि पाण्यात शिरला.

त्या दिवशी आमच्या तलावात पस्तीस माणसं उतरली. एखादं माणूस बुडालं की जशी रांग धरतात तशी वारलूने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि खांद्याला खांदा लावून पायाने चिखल चाचपत रांग पुढे नेली. चिखल गुडघ्यापर्यंत होता. संध्याकाळपर्यंत एक गडवा म्हणजे तांब्या, बैलाच्या गळ्यातली एक घंटा आणि पुष्कळ शिंपले मिळाले. गडवा कोणाचा यावरून भांडण झालं. दात मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निम्मीच माणसं आली. बुधरी म्हणून एक सत्तरीची म्हातारी होती. ती दात शोधायला आली नव्हती, दर वैशाखात यायची तशी कमळाचे कंद काढायला आली होती. दुपारी ती एकदम ओरडली, "मले चावलं! मले चावलं!" सगळ्यांना वाटलं साप. दोघांनी तिला उचलून काठावर आणलं. पायाच्या अंगठ्याला नुसता ओरखडा होता. वारलू काही वेळ त्या ओरखड्याकडे पाहत राहिला. मग ती उभी होती तिथे पाण्यात जाऊन बसला आणि चिखलात हात घातला. दात वर आले. एकही मोडला नव्हता.

बुधरी त्यानंतर सहा वर्षं जगली. नवीन माणूस भेटलं की ती सांगायची, "मनसारामनं मले तलावात चावलं," आणि पुढे काही सांगायची नाही.

दात मिळाल्याच्या आनंदात मनसारामने ते काठावर मांडलेल्या चुलीतल्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने खसखसून घासले. मी पोचेपर्यंत वरची चमक गेली होती. मी रागावलो. गोकुळाने दात त्याच्या हातातून काढून घेतले, थंड पाण्याने धुतले आणि पाणी भरलेल्या गडव्यात टाकले. तलावात सापडलेलाच गडवा होता तो. भांडणात तो गोकुळाला मिळाला होता.

मला वाटलं, आता हा डोंगा वल्हवेल. डोंगा वल्हवला नाही. आठ दिवस तो ओट्यावर बसून होता. एक दिवस मी तिकडून जात होतो तर त्याने हाक मारली.

"बापूजी, डाक्टर काय म्हने? दोन्हीकून सारखं चावाव. एकीकून चावलं तं दुसरीकून उचलते."

"हो. भाताबद्दल म्हणाले होते."

"भात काय आन् जाळं काय, तोंडाले काय समजते?" तो म्हणाला. "मी गोळी समोरच्या दातात धरली. समोर ओढ पडली तं मांगून उचलले. दोन्हीकडच्या दाढांत सारखं धराले पाह्यजे."

"गोळी एक आहे. दोन्हीकडे कशी धरणार?"

गोकुळाच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याने ती अंगठ्याएवढी जाड गुंडाळली, दोऱ्याने बांधली, आणि गोळीच्या जागी जाळ्याच्या काठाला आडवी शिवली. घोड्याच्या तोंडात लगामाची कडी असते तशी ती त्याच्या तोंडात या दाढेपासून त्या दाढेपर्यंत आडवी बसायची. दात तिच्यावर दोन्ही बाजूंनी दाबले जायचे, ओढले जायचे नाहीत. निदान त्याचा विचार तसा होता.

तलावावर जायला गोकुळाने बंदी केली. म्हणून तो अंगणात फेकायला लागला. पहिल्या दिवशी जाळं विळ्यासारखं पडलं, पण दात तोंडात राहिले. दुसऱ्या दिवशी दात अंगणात पडले, तिथे चिखल नव्हता. तोंड आता पूर्वीपेक्षा जरा आधी उघडायला लागत होतं, आणि जरा म्हणजे किती ते चाळीस वर्षांची सवय मोडून शिकायचं होतं. पावसाळा लागला तरी तो दररोज तास-दीड तास अंगणात जाळं फेकत होता. नेम कशावर धरायचा म्हणून कोंबड्यांवर धरायचा. एक लाल कोंबडा त्याने अकरा वेळा पकडला. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, आणि शेजारी लोकांनी आपल्या कोंबड्या बांधून ठेवल्या.

पोळ्याच्या आसपास एका सकाळी तो तलावावर गेला, न सांगता. या वेळी काठावर फक्त वारलू होता. वारलू नंतर मला म्हणाला, "बापूजी, जाळं असं पडलं जसं परात ठेवली." मी विचारलं, आणि दात? वारलू म्हणाला, "तोंडात. मी पहिले दातच पाह्यले, मंग जाळं."

त्या दिवसापासून मनसाराम वारलूशी बोलायला लागला.

यानंतरची चार वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला वाटतं हीच खरी सांगण्यासारखी गोष्ट आहे. ज्या माणसाने पन्नास वर्षं आपल्या दातांकडे पाहिलं नव्हतं, तो या दातांची रोज निगा राखत होता. ढिवराला निगा नवीन नसते. तो जाळं रोज धुतो, उन्हात वाळवतो, कुठे दोरा तुटला की शिवतो. मनसारामने दातांची निगा जाळ्यासारखीच धरली, फक्त उलटी. "जाळं ओलं ठेवलं तं सडते, दात कोरडे ठेवले तं बिघडतेत," असं तो लोकांना सांगायचा. प्रत्येक जेवणानंतर तो दात काढून धुवायचा. धुताना खाली पाण्याची परात ठेवायचा, हातातून निसटले तर दगडावर पडू नयेत म्हणून. ब्रश तो जाळ्याच्या सुईशेजारी खुंटीला अडकवायचा. झोपायच्या आधी दात गडव्यात, आणि मग ओट्यावर बसून बोटाने हिरड्या चोळायच्या. पाहुणे असले तरी चोळायच्या. माझी कवळी मी फक्त शनिवारीच धुतो हे त्याला कळलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी रोज धुवायला लागलो.

मधल्या काळात आमचं राज्य बदललं. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो. दात तेच होते.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ते सैल झाले. बोलताना टकटक वाजायला लागले. मनसारामला वाटलं, दात झिजले. त्याने मधाच्या पोळ्याचं मेण आणून दातांच्या आतून थापलं. सकाळी ते छान बसले. दुपारी उन्हात मेण पातळ झालं, वरचे दात खाली आले आणि तो बोलता बोलता थांबला. दोन दिवस त्याने तसेच काढले आणि मग आम्ही नागपूरला गेलो, तिघंही.

डॉक्टर मामीडवारांनी दात हातात घेतले, उलटे करून पाहिले, खिडकीशी नेऊन पाहिले.

"हे कोण साफ करतं?"

"मीच."

"दवाखान्यात येणाऱ्यांना दाखवायला ठेवून घ्यावेत असे आहेत," डॉक्टर म्हणाले. "हे राखेचे ओरखडे दिसतात, पण ते जुने आहेत. दात चांगले आहेत, मनसाराम भाऊ. बदललात तुम्ही. आतलं हाड झिजतं. दात नसला की हाडाला काम राहत नाही, मग ते खाली बसत जातं. आतून नवीन थर देतो, पुन्हा घट्ट बसतील. तीन-चार वर्षांनी पुन्हा यायचं."

"दर बारीनं असंच?"

"दर वेळी असंच."

मनसारामने डॉक्टरांच्या हातातल्या दातांकडे पाहिलं. "हाडातच ठोकता नाई येत काय? खुट्टी ठोकतो तसे?"

मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "येतात. तिकडे परदेशात काही डॉक्टर करून पाहत आहेत. धातूचा स्क्रू हाडात बसवतात आणि त्याच्यावर दात. मी पुस्तकात चित्र पाहिलं आहे. आपल्याकडे मी अजून कोणाला बसवलेला पाहिला नाही. आणि तिकडेही ते फार टिकत नाहीत, अजून जमलेलं नाही. पण जमेल कधीतरी."

"तो निंगनार नाई? ओढला तरी?"

"नीट धरला तर नाही निघणार."

"मंग त्याले काई कराव नाई लागत. ठोकला की झालं."

"उलट," डॉक्टर म्हणाले. "त्याची निगा यापेक्षा जास्त लागेल. हे दात काढून धुता येतात. तो काढता येणार नाही. हिरडीतून वर आलेला असेल तिथे, अगदी मुळाशी, रोज साफ करावं लागेल. तिथे घाण साचली की हिरडी सुजते, रक्त येतं, मग आतलं हाड सोडायला लागतं. हाडाने सोडलं की स्क्रू हलतो. मग पडतो."

मनसारामने रिकाम्या हिरडीवरून जीभ फिरवली. मग म्हणाला, "माहे पहिले दात असेच पडले."

"हो."

"म्हंजे ते हाडातच ठोकले होते."

"हो. मुळासकट."

"आन् मी घासले नाई."

डॉक्टर दात घेऊन आत गेले. मनसाराम माझ्याकडे वळून म्हणाला, "बापूजी, फुकटात भेटले होते हो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मेण पुसायला डॉक्टरांनी दातांना काहीतरी उग्र लावलं होतं, कदाचित त्या वासाचंही असेल.

गावी परत आल्यावर मनसाराम लोकांची तोंडं पाहायला लागला. मासे वाटून झाले की तो काठावर बसायचा आणि एकेकाला बोलवायचा. "उघड." बोटाने हिरडी दाबायचा. रक्त आलं की म्हणायचा, "हे तंबाखूनं नाई आलं." बाभळीची काडी चावून तिचा मऊ कुंचा कसा करायचा, तो दात आणि हिरडी मिळतात तिथे हळू कसा फिरवायचा, कोळसा का नको, हे तो दाखवायचा. माणसं टाळायला लागली. काहींनी तलावावर यायची वेळ बदलली. पण काही जण घासायला लागले, आणि पाच-सहा महिन्यांनी वारलूच्या हिरड्यांतून रक्त यायचं बंद झालं. हे वारलूने मला सांगितलं, मनसारामला सांगितलं नाही.

त्याच वारलूला एका दुपारी राग आला. आम्ही मनसारामच्या ओट्यावर बसलो होतो. मनसाराम त्याला तिसऱ्यांदा उघड म्हणाला. वारलू म्हणाला, "दादा, साऱ्या गावाचे दात पाह्यता. घरचे पाह्यले काय?"

गोकुळा अंगणात मासे साफ करत होती. मनसाराम तिला म्हणाला, "इकडे ये वं. तोंड दाखव."

"कायले?" ती म्हणाली. "माह्या हाताले मासोळी आहे."

"हाताचं काम नाई. तोंड दाखव."

ती उठली, पदराने ओठ पुसले आणि तोंड उघडलं. वर एक दाढ होती. खाली तीन दात होते, त्यातला एक जिभेने हलत होता.

मनसारामने बोट लावलं नाही. "कव्हापासून?" त्याने विचारलं.

"तुमचे पडून राह्यले होते तव्हा माहेई पडून राह्यले होते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी पुसलं नाई," गोकुळा म्हणाली. "आन् मले कोनतं जाळं फेकाचं होतं?"

ती पुन्हा मासे साफ करायला बसली. मनसाराम तिच्याकडे पाहत होता. मी जमिनीकडे पाहत होतो. नागपूरच्या त्या बाकावर मी तिच्या शेजारी चार वेळा बसलो होतो. ती तोंडाला पदर लावून बसायची, आणि मला वाटायचं, बाई लाजाळू आहे. मी मास्तर आहे आणि माझे स्वतःचे दात गेलेले आहेत. मला कळायला हवं होतं.

मनसाराम त्यानंतर दोन दिवस कोणाचंही तोंड पाहायला गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला आणि दारातच उभं राहून म्हणाला, "बापूजी, गाडी किती वाजता आहे?"

अठ्ठावन्नच्या माघात गोकुळाचे उरलेले दात निघाले, आणि होळी झाल्यावर नवे मिळाले. डॉक्टर मामीडवारांनी तिलाही विचारलं, "बाई, तुम्हाला दात कशाला पाहिजेत?"

"फुटाने खायाले," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "खाल. पण पहिले पंधरा दिवस..."

"मऊ भात," गोकुळा म्हणाली. "दोन्हीकून सारखं चावाचं. समोरून तोडाचं नाई. राख नाई, कोळसा नाई, गरम पानी नाई. झोपताना पान्यात. हिरडी बोटानं चोळाची. तीन-चार वर्षानं वापस याचं. पाच वर्षं झाले ऐकून राह्यली, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला आणि मान हलवली. त्यांनी नियम सांगितले नाहीत.

इतवारी स्टेशनावर गाडीला वेळ होता. मनसाराम पाणी आणायला गेला. तो आला तेव्हा गोकुळाच्या मांडीवर फुटाण्यांची पुडी उघडी होती. ती एक फुटाणा डावीकडे आणि एक उजवीकडे असा बरोबर ठेवत होती आणि मग दाबत होती.

"अवं, आजच भेटले! पंधरा दिवस मऊ खाचं असते!"

"सहा वर्षं मऊच खाल्लं," गोकुळा म्हणाली.

मनसाराम तिच्या शेजारी बसला. गाडी सुटली. छोटी गाडी कशी चालते ते मी सांगितलंच आहे. उमरेड आलं, भिवापूर आलं, आणि सगळ्या वाटेवर तो तिच्या तोंडाकडे कान लावून बसला होता. मधेच म्हणायचा, "उजवीकडे जास्त वाजून राह्यलं. सारखं कर." ती सारखं करायची. एकदा तिने त्याला एक फुटाणा दिला. त्याने तो बराच वेळ हातात धरला आणि मग तोंडात टाकला. त्याचे दात पाच वर्षं जुने होते, पण फुटाणे त्याने त्यांनी अजून खाल्ले नव्हते. डॉक्टर नको म्हणाले असतील असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गोकुळाची हिरडी सुजली. मनसारामने तिला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, दात दोन दिवस गडव्यात ठेवायला लावले आणि डॉक्टरांना माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं की सूज उतरली की घालावे, खुपत असेल तिथे घासून देतो, केव्हाही या. सूज उतरली. खुपलं नाही. घरात आता दोन गडवे झाले होते, आणि ते अदलाबदल होऊ नयेत म्हणून मनसारामने आपल्या गडव्याच्या गळ्याला जाळ्याचा दोरा बांधला.